रोजच्या गाडीला परफॉर्मन्स कॅम: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसभर मी रबाळे एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये असतो आणि उरलेल्या वेळात जुन्या पेट्रोल गाड्यांची हेडं (इंजिनाचा वरचा भाग) उघडतो. दर रविवारी कोणी ना कोणी बॉनेट वर करून विचारतंच, ‘कॅम टाकू का?’ कॅम म्हणजे लोब नावाच्या उंचवट्यांनी इंजिनाचे व्हॉल्व्ह, म्हणजे हवेची आणि धुराची दारं, उघडणारा दांडा; ती दारं जास्त किंवा जास्त वेळ उघडतो तो परफॉर्मन्स कॅम. तीच तीच उत्तरं टपरीवर उभं राहून देऊन घसा बसला, म्हणून लिहून ठेवली. उदाहरणं मुख्यतः एस्टीम, जिप्सी, जुनी १.३ स्विफ्ट अशा टर्बो नसलेल्या चार सिलिंडर इंजिनांची आहेत.

कॅम बदलला की इंजिनात नेमकं काय बदलतं?

व्हॉल्व्ह कधी उघडतो, किती उघडतो आणि किती वेळ उघडा राहतो, एवढंच. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) दोन फेरे मारतो तेवढ्यात कॅमचा एक फेरा होतो, आणि त्या एका फेऱ्यात प्रत्येक लोब आपापला व्हॉल्व्ह एकदा दाबतो. खरी गोम आहे ती इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह बंद होण्याच्या वेळेत.

पिस्टन तळाला पोचला म्हणून हवा आत यायची लगेच थांबत नाही. ठाणे स्टेशनात डबा भरला तरी मागून रेटा येतच राहतो ना, तशी वेगात असलेली हवा स्वतःच्या जोरावर आत घुसत राहते. म्हणून पिस्टन वर निघाल्यावरही इनटेक थोडा वेळ उघडा ठेवलेला असतो. इंजिन सहा हजारावर असेल तेव्हा हा उशीर फायद्याचा. तेच इंजिन दीड हजारावर असेल तर हवेला तेवढा जोर नसतो, आणि वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये (हवा आणणाऱ्या नळ्यांत) ढकलतो. मोठा कॅम टाकल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ‘मेली’ असं वाटतं, ते यामुळे.

आता हिशेब बघा. १०० न्यूटन मीटर टॉर्क ३००० आरपीएमला मिळाला तर साधारण ३१ किलोवॅट होतात. तोच टॉर्क ६००० ला टिकवला तर ६३. कॅम बनवणारा तुम्हाला वरचा आकडा विकतो, आणि तो खोटा नसतो. फक्त कॅम टॉर्क वाढवतो कमी आणि वरच्या आरपीएमकडे सरकवतो जास्त. खालून काढून वर दिलेलं असतं. तुम्ही दिवसभर खालीच राहत असाल तर हा व्यवहार तोट्याचा.

कॅमच्या कागदावरचे आकडे कसे वाचायचे?

लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उघडतो. रॉकर (लोब आणि व्हॉल्व्हमधली तरफ) असलेल्या इंजिनात लोबची लिफ्ट आणि व्हॉल्व्हची लिफ्ट वेगळी असते. मध्ये रॉकरचं गुणोत्तर येतं. लोबवर अर्धा मिमी वाढवला आणि रॉकर १.४ चा असला, तर व्हॉल्व्हवर ०.७ मिमी वाढतो. कागदावर कुठली लिफ्ट लिहिली आहे ते विचाराच.

ड्युरेशन म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो. इथे फसवणूक नसते, पण गोंधळ मोठा असतो. एक बनवणारा व्हॉल्व्ह जेमतेम हलला तिथून मोजतो, दुसरा १ मिमी उघडल्यापासून, अमेरिकन लोक लोबच्या ०.०५० इंच म्हणजे १.२७ मिमी लिफ्टवर मोजतात. एकाच कॅमचा आकडा एका पद्धतीत २६४ आणि दुसऱ्या पद्धतीत २२० च्या आसपास येऊ शकतो. ‘माझा २६४, त्याचा २२४, म्हणजे माझा मोठा’ असं म्हणणारे मी पाहिलेत. दोन कॅमची तुलना एकाच उंचीवर मोजलेल्या आकड्यांनी करायची, नाहीतर करायचीच नाही.

तिसरा आकडा लोब सेपरेशनचा. इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शेंड्यांमधला कोन, कॅमच्या अंशांत. यावरून ओव्हरलॅप काढता येतो, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ. दोन्ही ड्युरेशनची सरासरी घ्या आणि त्यातून सेपरेशनची दुप्पट वजा करा. २६४ चा कॅम ११० सेपरेशनवर: २६४ वजा २२०, ओव्हरलॅप ४४ अंश. २८० चा कॅम १०६ वर: ६८ अंश. ४४ आणि ६८ मधला फरक म्हणजे सिग्नलला शांत उभी राहणारी गाडी आणि हुडहुडी भरल्यासारखी हलणारी गाडी.

मग रोजच्या गाडीला किती अंशांचा घ्यावा?

१.३ ते १.६ लिटरच्या सोळा व्हॉल्व्ह इंजिनाला, रोजच्या वापरासाठी, माझी हद्द कागदावर २६४, १ मिमीला २२० च्या आसपास आणि सेपरेशन ११० किंवा जास्त. २७२ ला मी नाखुशीने हो म्हणतो, तेही हायवेवर जास्त फिरणाऱ्याला. त्यापुढे बोलायचं असेल तर रोजची दुसरी गाडी आहे का ते आधी सांगा. आठ व्हॉल्व्हच्या इंजिनाला तेवढीच हवा एकाच मोठ्या दारातून ओढायची असते, म्हणून तिथे ड्युरेशन थोडं जास्त चालतं. सोळा व्हॉल्व्हवाल्याने आठ व्हॉल्व्हवाल्याचा आकडा उचलू नये.

आणि दोन कॅममध्ये अडकलात तर धाकटा घ्या. धाकटा घेऊन पस्तावलेला माणूस माझ्याकडे अजून आलेला नाही. मोठा घेऊन पस्तावलेले आले, त्यांतला पहिला मीच.

मी कासारवडवलीला राहतो, ऑफिस ऐरोलीला. माझ्यासारख्याने काय बघायचं?

कॅटलॉग उघडण्याआधी एक आठवडा स्वतःच्या गाडीचा टॅकोमीटर बघा. ओबीडी (गाडीच्या संगणकाचं तपासणी सॉकेट) असलेल्या गाडीत स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल लावलं की मोबाइल आरपीएमची नोंद ठेवतो. नसेल तर बायकोला किंवा मित्राला शेजारी बसवून दर पाच मिनिटांनी आकडा वहीत लिहायला सांगा. एस्टीममध्ये मी हेच केलं होतं. घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा पूल, विटाव्याचा रेल्वे पूल, तिथून ठाणे-बेलापूर रोड. सकाळच्या पानावर १५०० ते २६०० च्या मधलेच आकडे. ८०० ते ९०० म्हणजे नुसतं उभं राहणं, तेही भरपूर. चार हजारावर काटा आठवड्यात दोनदा गेला आणि दोन्ही वेळा रविवार होता.

ती वही बघितली की कॅम आपोआप निवडला जातो. पाच ते सात हजारात मजा देणारा कॅम घोडबंदरला घेऊन काय करणार? तुम्ही आठवड्यातून तीनदा एक्स्प्रेसवेने पुण्याला जात असाल, खंडाळ्याचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढत असाल, तर गोष्ट वेगळी. ‘पण पामबीचवर रात्री...’ हे वाक्य पूर्ण करू नका. त्या रस्त्यावर सिग्नल आहेत, वळणं आहेत, आणि समोरून येणाऱ्याला तुमच्या कॅमची कल्पना नसते.

मला पॉवर नको, तो उभ्या गाडीचा ‘धग-धग’ आवाज हवा आहे.

तो आवाज म्हणजे ओव्हरलॅपमुळे जळलेला धूर इनटेकमध्ये परत जाऊन होणारं अर्धवट मिसिंग. पैसे देऊन मिसिंग विकत घ्यायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

मोठ्या कॅमने ब्रेक कडक होतात म्हणतात, खरं का?

खरं, आणि हे मी स्वतः भोगलंय.

ब्रेकचा बूस्टर इनटेक मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवर चालतो. कंपनीच्या कॅमवर स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू इंजिनात मॅनिफोल्डचा दाब साधारण ३० ते ३५ किलोपास्कल असतो. बाहेर हवेचा दाब १०१. या फरकावर बूस्टर तुमच्या पायाला मदत करतो. ओव्हरलॅप वाढला की स्लोचा दाब ५० किंवा त्याहून वर जातो आणि मदत तेवढी घटते.

काही वर्षांपूर्वी एस्टीममध्ये मी २८४ चा कॅम टाकला होता. विकणाऱ्याने ‘रोजच्याला चालतो’ म्हटलं, आणि मला तेच ऐकायचं होतं. मुंब्रा बायपासच्या उतारावर ट्रेलरच्या मागे वीतवीत सरकत होतो. ब्रेक, सोड, ब्रेक, सोड. चौथ्या वेळेला पेडल दगडासारखं घट्ट. दोन्ही पाय पेडलवर दिले आणि हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा ट्रेलरच्या मागच्या पट्टीवरचे लाल-पांढरे चौकोन बॉनेटवरून मोजता येत होते. वेगात ॲक्सिलरेटर सोडल्यावर व्हॅक्यूम भरपूर मिळतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर मला कधी शंका आलीच नव्हती. तो कॅम चार महिन्यांत उतरवला. सध्या माझ्या कपाटावर कागद दाबायला आहे.

व्हॅक्यूम गेज महाग नाही. कॅम टाकण्याआधी स्लोला किती व्हॅक्यूम आहे ते लिहून ठेवा आणि टाकल्यावर पुन्हा मोजा. गाडी उभी असताना पेडल लागोपाठ पाच वेळा दाबून बघा. पाचव्या वेळी कडक लागलं तर ती गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलाव्याच लागतात का?

लिफ्ट कंपनीएवढीच असेल आणि रेडलाइनही (आरपीएमची मर्यादा) तीच ठेवणार असाल, तर चांगल्या स्थितीतल्या मूळ स्प्रिंग चालू शकतात. पण पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीत ‘चांगल्या स्थितीतल्या’ स्प्रिंग सापडतात कुठे? उंची मोजा, काटकोनात उभी राहते का बघा, आणि हेडमध्ये बसवल्यावर स्प्रिंगची जी उंची होते त्या उंचीवरचा जोर मशीन शॉपला तपासायला सांगा. मी तरी नव्याच घालतो.

लिफ्ट वाढली असेल तर दोन जागा मोजायच्या. पूर्ण उघड्या व्हॉल्व्हला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायला अजून एक ते दीड मिमी शिल्लक हवं. आणि वरच्या रिटेनरचा (स्प्रिंग धरणाऱ्या चकतीचा) खालचा कडा व्हॉल्व्ह सीलवर आपटता कामा नये. तिथेही दीड मिमी. ही दुसरी जागा सगळे विसरतात. मग दोन हजार किलोमीटरनंतर निळा धूर येतो आणि दोष रिंगांना जातो.

स्प्रिंग कमजोर असली की वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह लोबच्या मागे धावू शकत नाही, तरंगतो. मग सरळ पिस्टनशी भेट. म्हणून ‘जितकी कडक तितकी बरी’ असंही नाही. जास्त कडक स्प्रिंग लोब आणि रॉकर लवकर खाते. कॅम बनवणाऱ्याने ज्या स्प्रिंगचा आकडा दिलाय, तीच घ्या.

व्हॉल्व्ह पिस्टनला लागेल का, हे कसं कळणार?

मोजून. ‘आपल्या इंजिनात लागत नाही’ हे ऐकून काम करू नका. ते कंपनीच्या कॅमबद्दलचं वाक्य आहे.

माझी पद्धत मुलीच्या डब्यातल्या खेळण्याच्या मातीची. एका सिलिंडरच्या पिस्टनवर, व्हॉल्व्ह येतात त्या जागी, मातीची जाडसर पोळी थापायची. वरून ऑइलचा हात फिरवायचा, म्हणजे माती व्हॉल्व्हला चिकटून वर येत नाही. वापरलेलं, आधीच दबलेलं गॅस्केट घालून हेड बसवायचं, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळायचे, टायमिंग लावायचं, टॅपेट गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) लावायची. मग पाना लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, सावकाश. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं. हेड उतरवलं की मातीत व्हॉल्व्हचा ठसा असतो, नाण्यासारखा. ब्लेडने तो उभा कापायचा आणि सर्वांत पातळ जागा कॅलिपरने मोजायची. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी, याहून कमी असेल तर कॅम परत डब्यात. एक्झॉस्टला जास्त हवं कारण तो जास्त तापून लांबतो, आणि तरंगला तर मागून पिस्टनच त्याचा पाठलाग करत असतो.

लक्षात घ्या, ही भेट पूर्ण लिफ्टला होत नाही. पिस्टन टॉपला येण्याआधी आणि नंतर दहा-एक अंशांवर सगळ्यात कमी जागा असते. म्हणून लिफ्ट तीच ठेवून नुसतं ड्युरेशन वाढवलं तरी मोजावं लागतं. हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरणारे) असतील तर ऑइल नसताना ते दबतात आणि माप खोटं येतं. मोजताना तेवढ्यापुरते घट्ट टॅपेट घालावे लागतात.

नवा कॅम घ्यावा की जुनाच ग्राइंड करून घ्यावा?

आपल्याकडे जुन्या गाड्यांना नवा परफॉर्मन्स कॅम सहज मिळत नाही, त्यामुळे ग्राइंडिंग हाच बहुतेकांचा मार्ग. त्यात वाईट काही नाही, पण काय होतं ते समजून घ्या. लोबचा शेंडा वाढवता येत नाही, म्हणून खालचं वर्तुळ बारीक करतात. रॉकर नसलेल्या बकेट इंजिनात (लोब व्हॉल्व्हवरच्या वाटीलाच दाबतो) लिफ्ट ०.८ मिमीने वाढवली तर खालची त्रिज्या तेवढीच घटते आणि शिमची (फट भरणाऱ्या चकतीची) जाडी ०.८ मिमीने वाढवावी लागते. तेवढी जाड शिम मिळते का, हे ग्राइंडिंगच्या आधी बघायचं. स्क्रूने टॅपेट लावायच्या इंजिनात थोडी मोकळीक असते, पण रॉकरचा कोन बदलतो आणि पॅड लोबला कडेवर घासू शकतो. हायड्रॉलिक टॅपेटची चाल मर्यादित, तिथे फार घासता येत नाही.

शिवाय ओतीव लोखंडाच्या कॅमचा फक्त वरचा थर कडक असतो. तो ग्राइंडिंगमध्ये उडाला की लोब खडूसारखा झिजतो. काम परत घेताना कडकपणा तपासून घ्या, आणि सगळे लोब डायल गेजखाली फिरवून बघा. एका कॅमवर मला आठपैकी दोन लोब इतरांपेक्षा ०.१५ मिमी कमी मिळाले होते. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, केसाएवढं आहे.’ केस त्याहून पातळ असतो.

ॲडजस्टेबल पुली घ्यायलाच हवी का?

ग्राइंड केलेला कॅम असेल तर हो. टायमिंगचं दातांचं गणित फार जाड असतं. कॅमच्या पुलीला ३६ दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे १० अंश, क्रँकचे २०. आपल्याला क्रँकचे दोन-चार अंश सरकवायचे असतात.

पुली घेतली म्हणजे काम झालं असंही नाही. क्रँकवर अंशांची चकती, पहिल्या सिलिंडरच्या इनटेक व्हॉल्व्हवर डायल गेज, आणि टॉप, म्हणजे पिस्टनची सर्वांत वरची जागा, पिस्टन थांबवून दोन्ही बाजूंनी शोधायचा, नुसत्या खुणेवर नाही. मग कागदावर लिहिलेल्या अंशाला इनटेकची पूर्ण लिफ्ट येते का ते बघायचं. एक दुपार जाते. रोजच्या गाडीत मी कागदापेक्षा दोन अंश पुढे ठेवतो. खालचा टॉर्क थोडा परत मिळतो. पुढे केल्यावर इनटेक पिस्टनच्या अजून जवळ येतो, तेव्हा माती पुन्हा.

ईसीयू ट्यून न करता चालेल का?

२६४ पर्यंतच्या शांत कॅमवर गाडी चालते. चांगली चालते असं मी म्हणणार नाही. मारुतीच्या अनेक जुन्या एमपीएफआय (इंजेक्टरवाल्या) गाड्यांत किती हवा आली ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मॅनिफोल्डच्या दाबावरून ओळखतो. कॅममुळे स्लोचा दाब वाढला की त्याला वाटतं ॲक्सिलरेटर दाबलाय, आणि तो जास्त पेट्रोल ओततो. स्लो वरखाली होतो, प्लग काळे पडतात, सायलेन्सरमधून डोळे चुरचुरणारा वास येतो. मोठ्या कॅमला ट्यूनिंग हवंच, आणि ते वाइडबँड लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) लावून. नाकाने वास घेऊन नाही.

कार्बोरेटरवाल्यांनो, जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) बदलावे लागतील. आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे जुन्याच जेटवर कार्बोरेटर गाडी आपोआप लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होते. पंधरा वर्षांपूर्वी कोणी सांगितलेला जेट नंबर आज जसाच्या तसा घालू नका. इथेनॉलला न टिकणारे रबरी पाइपही त्याच दिवशी बदला.

सोबत आणखी काय बदलायचं? हेडर, फिल्टर, हेड घासणं?

क्रम सांगतो. आधी इंजिन ठणठणीत आहे का ते बघा: कॉम्प्रेशन टेस्ट, व्हॉल्व्ह सीट, टॅपेट, प्लग, इंजेक्टर. माझ्याकडे कॅमसाठी आलेल्या निम्म्या गाड्या एवढ्यावरच समाधानाने परत गेल्या. मग एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. धूर बाहेर पडायला वाट नसेल तर मोठ्या ओव्हरलॅपने तो परत आत येतो. रोजच्या गाडीला लांब, बारीक नळ्यांचा हेडर बरा. जाड नळ्या दिसायला छान, खालच्या आरपीएमला धूर रेंगाळतो. कॅटलिटिक काढायचा नाही.

बाजारातला गोल उघडा फिल्टर नको. बॉनेटखालची गरम हवा ओढून तो जो आवाज करतो, तीच त्याची कमाई. मूळ डबा आणि स्वच्छ कागदी फिल्टर ठेवा.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणं कॅमबरोबर शोभतं, कारण लांब ड्युरेशनमध्ये इनटेक उशिरा बंद होतो आणि खरं कॉम्प्रेशन घटतं. ११० च्या सेंटरलाइनवर (टॉपनंतर ११० अंशांवर इनटेक पूर्ण उघडा) २६४ चा कॅम तळानंतर ६२ अंशांवर बंद होतो, २८४ चा ७२ वर. पण घासलेलं परत लावता येत नाही, आणि मे महिन्यात तीन हात नाक्यावर एसी लावून उभ्या गाडीत नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून ठोके) आलं तर पळायला जागा नाही. शांत कॅमला हेड घासू नका. आणि हेड घासलं की पिस्टनची जागाही कमी होते, म्हणजे परत माती.

एसी चालेल ना?

शांत कॅमवर चालतो. कॉम्प्रेसर लागला की स्लो पडतो. शंभर-दीडशे आरपीएम वाढवून घ्यावा लागेल. मोठ्या कॅमवर सिग्नलला एसी बंद करायची सवय लागते. दमट हवेत काच धुरकटते, घरचे वैतागतात, आणि त्यानंतर कॅम किती दिवस टिकतो ते मी पाहिलंय.

माझ्या गाडीत व्हीटेक किंवा व्हीव्हीटी आहे.

मग कंपनीने तुमचं भांडण आधीच मिटवलंय. जुन्या १.५ लिटर सिटी व्हीटेकमध्ये खालच्या आणि वरच्या आरपीएमचे वेगळे लोब आहेत, ऑइलच्या दाबाने पिन सरकून मोठा लोब कामाला लागतो. व्हीव्हीटीमध्ये पूर्ण कॅमच मागेपुढे फिरतो. अशा गाडीत कॅमला हात लावू नका. वेळेवर ऑइल बदला आणि व्हीटेकच्या सोलेनॉइडची जाळी साफ ठेवा.

टर्बो पेट्रोल?

तिथे कॅम शेवटची गोष्ट. मोठ्या ओव्हरलॅपने टर्बोची हवा सरळ सायलेन्सरमधून निघून जाते.

बुलेटवाल्यांचं काय?

पुशरॉडच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, जे-सिरीज आणि ६५० मध्ये कॅम हेडमध्ये. नियम तेच: आधी आरपीएमची वही, मग स्प्रिंग, मग माती. एक-दोन सिलिंडरमध्ये स्लोचं मिसिंग चार सिलिंडरपेक्षा जास्त जाणवतं, म्हणून मी आणखी एक पायरी खाली उतरतो.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना काय काळजी घ्यायची?

लोबवर रॉकर किंवा बकेट घासत फिरत असेल, रोलर नसेल, तर पहिली वीस मिनिटं कॅमचं आयुष्य ठरवतात. लोबना असेंब्ली पेस्ट, इग्निशन काढून स्टार्टरने ऑइलचा दाब आणायचा, आणि सुरू झाल्यावर स्लोला सोडायचं नाही. २००० ते २५०० आरपीएमवर वीस मिनिटं, थोडं वरखाली करत. स्लोला लोबवर ऑइल कमी पडतं आणि स्प्रिंगचा पूर्ण जोर शेंड्यावर येतो. म्हणून सुरू करण्याआधीच इग्निशन, पेट्रोल, पाणी सगळं पक्कं हवं. दहा सेकंद फिरवून थांब, पुन्हा फिरव, असं चालणार नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री नऊनंतर हे करू नका. अनुभव आहे.

ऑइलबद्दल: कॅमला वाचवतो तो झिंक-फॉस्फरसचा घटक. कॅटलिटिकच्या काळजीने ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडच्या एपीआय एसपी ऑइलमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर अडवलेला असतो. १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० अशा जाड ग्रेडना ती मर्यादा लागू नाही. जुन्या इंजिनात कडक स्प्रिंग असतील तर जाड ग्रेडच घ्या. पहिलं ऑइल वीस मिनिटांनंतर काढून टाका, जीव तुटला तरी.

आरटीओ, पीयूसी, इन्शुरन्स?

यावर मी हसत उत्तर देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरफार करण्यावर बंधन आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांबद्दल कडक भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर कॅमचा उल्लेख नसतो, पण ‘म्हणून चालतं’ असा अर्थ काढू नका. एमएच-०४ असो की एमएच-४३, आरटीओत विचारून लेखी उत्तर घ्या.

पीयूसीमध्ये ओव्हरलॅप लगेच पकडला जातो, कारण पेट्रोल गाडीची तपासणी स्लोला होते आणि तिथेच न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं. बीएस-३ चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमची मर्यादा. बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. बीएस-४ गाडीत मोठा कॅम आणि २०० पीपीएम यांचं जमत नाही. ‘ओळखीचा पीयूसीवाला आहे’ हे मला सांगू नका.

इन्शुरन्स कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल सर्व्हेअरला सापडला की क्लेम नाकारायला कारण आयतंच मिळतं.

ॲव्हरेज किती पडेल?

शांत कॅम नीट लावला आणि ट्यून झाला तर गर्दीत थोडं पडतं, हायवेवर फारसा फरक नाही. ट्यून न केलेल्या मोठ्या कॅमवर टाकी डोळ्यांदेखत उतरते.

मेकॅनिकला काय विचारू?

तीनच गोष्टी: अंशांची चकती आहे का, पिस्टन-व्हॉल्व्हमधली जागा कशी मोजतो, आणि ग्राइंडिंगनंतर लोबची मापं लिहून देतो का. ‘इतक्या वर्षांत कधी गरज पडली नाही’ असं उत्तर आलं तर चहा घ्या आणि निघा. खर्चाचा अंदाज विचाराल तर, कॅमला एक रुपया लागला तर स्प्रिंग, सील, गॅस्केट, बेल्ट, पुली, ट्यूनिंग आणि मजुरीला दोन ते तीन धरा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये उघड्यावर हेड काढू नका. आपल्या दमट हवेत सिलिंडरच्या भिंतीवर एका रात्रीत गंजाची झाक येते.

टाकल्यावर पुढे काय बघायचं?

पाचशे किलोमीटरवर थंड इंजिनात टॅपेट गॅप पुन्हा मोजा. वहीत प्रत्येक व्हॉल्व्हची गॅप लिहा: आधी किती, आता किती. सगळ्या थोड्या सारख्याच हलल्या तर ठीक, बसतंय. एकाचीच गॅप वाढली असेल तर नुसता स्क्रू फिरवून मोकळे होऊ नका. ऑइल फिल्टर उतरवा, डबा कापा, आतला कागद पसरून त्यावर चुंबक फिरवा. काळी चकाकी चुंबकाला चिकटली तर चावी काढून घ्या आणि व्हॉल्व्ह कव्हर उघडा. तो लोब बोटाच्या नखालाही खरखरीत लागेल.